उज्वलाच्या नावानं

मखमलाबादच्या शिवारात बहिरूचा पावणेदोन एकरांचा मळा होता. त्यात तो फुलं करायचा. पावसाळा सरताना झेंडू, थंडीत शेवंती, मधल्या दिवसांत बिजली आणि अ‍ॅस्टर. पहाटे तोडणी करायची, एम-एटी मोपेडला दोन्ही अंगांनी क्रेट बांधायचे आणि नाशिकचा फुलबाजार गाठायचा, हे त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. बायको गोजराबाई त्याच्या बरोबरीनं राबायची. दोन मुली होत्या. थोरली मनीषा दिंडोरीकडे दिलेली, सासरी द्राक्षाची बाग. धाकटी उज्वला, नव्वद सालची.

बहिरू अबोल माणूस. बाजारातही भाव सांगून गप्प बसायचा. बोलायचा तो फक्त उज्वलाशी. बाजारातून परतताना तो तिला शाळेपाशी सोडायचा, त्यासाठी ती पहाटेच त्याच्याबरोबर निघायची. रस्ताभर तिची बडबड चालायची, बाई काय म्हणाल्या, कोण पडलं, कोणाचा डबा कोणी खाल्ला. बहिरू पुढं बघत गाडी हाकायचा आणि खदखदून हसायचा. गोजराबाई म्हणायची, "ह्या माणसाला बोलतं करायचं तर उज्वलीनंच. मला तर 'भाकर वाढ' एवढंच ऐकू येतं."

दोन हजार पाच साली बहिरूनं मोबाईल घेतला. लग्नसराईत मांडववाल्यांचे फोन थेट येतील, मधला दलाल टळेल, हा हिशेब. ऑइलपेंटचा डबा आणून उज्वलानंच प्रत्येक क्रेटवर लाल अक्षरात त्याचं नाव घातलं आणि खाली नंबर. नंबर आठवडाभरात बाजारात सगळ्यांना पाठ झाला. त्या वर्षी दसऱ्याला आणि लग्नांना पहिल्यापेक्षा जास्त फुलं गेली. बहिरू त्याचं श्रेय फोनला न देता उज्वलाच्या अक्षराला द्यायचा.

पुढल्या वर्षी उज्वला दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. शहरातल्या कॉलेजात अकरावी कॉमर्सला गेली. बरोबर गावातलीच दिशा होती. दोघी पाचवीपासून एका बाकावर. कॉलेज सुटल्यावर दोघींनी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि तिथं उज्वलाला रोहित भेटला.

रोहित नाशिक रोडचा. वडील सरकारी नोकरीत, कॉलनीत फ्लॅट. तोही अकरावीलाच, पण सायन्सला, दुसऱ्या कॉलेजात. दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. मशीन अडलं की तो शेजारून हात पुढं करायचा, सर येण्याआधी सगळं सुरळीत. एकदा त्यानं विचारलं, "तुझ्या ओढणीला फुलांचा वास येतो. कुठलं सेंट?" उज्वला हसली. म्हणाली, "शेवंतीचं. सकाळी तोडून आलेय." दुसऱ्या कोणाला हे सांगताना तिला लाज वाटली असती. त्याला सांगताना वाटली नाही.

तेव्हा पोरापोरींत ऑर्कुटचं वेड होतं. दिशाचं खातं होतं, वर्गातल्या निम्म्या जणांचं होतं. प्रत्येकाचं एक पान, त्यावर फोटो, आणि कोणीही येऊन चार ओळी लिहून जायचं. त्या ओळी सगळ्यांना वाचता यायच्या. उज्वलाचं खातं रोहितनं उघडून दिलं, कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खणात बसून. दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला फोटो त्यानं स्कॅन करून घेतला.

"पासवर्ड काय ठेवू?" त्यानं विचारलं.

"ठेव ना काहीही."

"मला माहीत असला तर चालेल?"

"न चालायला काय झालं?"

"माझाही सांगतो तुला. आपल्यात लपवायचं काय?"

त्यानं आपला पासवर्ड तिच्या कानात सांगितला. तिला ते लग्नातल्या उखाण्यासारखं वाटलं. आपण फार मोठं काहीतरी एकमेकांना दिलं, असं वाटून ती घरी आली आणि रात्री भाकरी थापताना उगाचच हसत होती.

सुरुवातीचे तीनचार महिने खरंच चांगले गेले. ती पुढंही म्हणायची की ते खोटं नव्हतं. तो तिची वाट बघायचा, तिला पाणीपुरी तिखट लागते म्हणून भय्याला आधी सांगून ठेवायचा. मग त्यानं घरातला एक जुना हँडसेट तिला दिला. दोघांची कार्डं एकाच कंपनीची, आपसात बोलणं फुकट. घरी असताना उज्वला तो फोन फुलांच्या शेडमध्ये सुतळीच्या पोत्याखाली ठेवायची.

त्या फोननं तिचे दिवस खाल्ले. मिस्ड कॉल आला की लगेच उलट मिस्ड कॉल द्यायचा, असा नियम होता. तोडणीत हात अडकलेले असले तरी. उशीर झाला की मेसेज यायचे. कुठे आहेस. कोणाबरोबर आहेस. मेलीस का. मग शिव्या. मग तासाभरानं, सॉरी, मला तुझी काळजी वाटते. पुढं त्याला कॉलेजातलीही काळजी वाटू लागली. तिनं वर्गात शिरताना फोन लावायचा आणि चालू ठेवून दप्तरात टाकायचा, म्हणजे तिकडं नाशिक रोडला बसून तो तिचा वर्ग ऐकेल. ती तसं करायची. वर्गातल्या एका मुलानं तिच्याकडं पेन मागितलं, तिनं दिलं, एवढ्यावरून रोहित दोन दिवस बोलला नाही. त्यानंतर कोणी काही मागितलं की उज्वला मान हलवून नाही म्हणायची. तिला कोणी खडूस म्हणे, कोणी शिष्ट.

दिशानं एकदा विचारलं, "तू सारखी दप्तराकडं काय बघतेस गं?"

उज्वलानं ओठांवर बोट ठेवलं.

दिशाला हसू आलं, मग ते विझलं. तिनं वहीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'तो ऐकतोय?' उज्वलानं ते खोडून टाकलं.

रोहितला दिशा आवडत नव्हती. ती तुझे कान भरते, म्हणायचा. आणि एके दिवशी दिशाच्या पानावर उज्वलाच्या नावानं चार ओळी उमटल्या. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. 'तुझा बाप पिऊन गटारात पडतो, तुझी आई त्याला हातगाडीवरून आणते, आणि तू मला शहाणपण शिकवतेस?' सगळ्या वर्गानं ते वाचलं.

दिशा दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"हे तू लिहिलंस?"

"देवाशपथ नाही. दिशा, मी कॅफेत गेलेच नाही चार दिवस."

"मग कोणी लिहिलं?"

उज्वलाची नजर दप्तराकडं गेली.

"हातगाडीचं फक्त तुला माहीत होतं," दिशा म्हणाली. "त्या रात्री माझ्याबरोबर तू होतीस. तू कोणाला सांगितलंस?"

उज्वलानं सांगितलं होतं. दिशाला घरी किती त्रास आहे, तिच्याबद्दल वाईट बोलू नकोस, असं रोहितला समजावताना सांगितलं होतं. आता ते कोणत्या तोंडानं बोलायचं? ती नुसती रडायला लागली. दिशा बसमध्ये चढली आणि मागं वळली नाही.

त्या संध्याकाळी उज्वलानं ठरवलं. तिनं हँडसेट पिशवीत घातला आणि सीबीएस बसस्थानकावर रोहितला बोलावलं. गर्दी असेल, तो ओरडणार नाही, हा तिचा विचार. फोन त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "मला नाही जमत हे. तू मला फोन करू नकोस. आणि माझं खातं बंद करून टाक."

तो ओरडला नाही. फोनचं मागचं झाकण काढून कार्ड आहे का बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "तुला जायचं तर जा. ऑर्कुटवरची उज्वला माझ्याकडे आहे."

तिला तेव्हा नीट अर्थ लागला नाही. बसमध्ये बसल्यावर तो लागला. घरी जाण्याआधी ती गावातल्या कॅफेत शिरली. पासवर्ड टाकला, चालला नाही. त्याच्या खात्याला त्यानं कानात सांगितलेला टाकून बघितला, तोही कधीच बदललेला होता.

हे भाद्रपदात झालं, दोन हजार सात साली. दसरा तोंडावर होता. झेंडू त्या वर्षी भरघोस आलेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बहिरू बाजारात ढिगापाशी उभा होता, भोवती गिऱ्हाइकांची झुंबड, आणि खिशातला फोन वाजायचा थांबेना. ऑर्डर असेल म्हणून तो प्रत्येक फोन घेत होता.

"उज्वला आहे का?"

"कोण बोलतंय? मी तिचा बाप बोलतो."

पलीकडून हसणं. फोन बंद. लगेच दुसरा. दुसरा म्हणाला, तिनंच नंबर दिलाय, तिला द्या, रेट बोलायचाय. बहिरूला वाटलं फुलांचा रेट. त्यानं झेंडूचा भाव सांगितला. पलीकडच्यानं मग त्याला समजावून सांगितलं की तो कशाचा भाव विचारतोय.

बहिरूनं त्यानंतरही फोन घेतले. का घेतले हे त्यालाच ठाऊक. कदाचित त्याला वाटलं असेल की पुढचा तरी मांडववाला असेल. एकूण किती जणांचं त्यानं ऐकलं, कोण काय बोललं, हे त्यानं आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. बाजारातल्या शेजारच्या माणसानं पुढं एवढंच सांगितलं की बहिरू ढिगावर बसला होता, फोन कानाला होता, आणि समोर बायका भाव विचारून विचारून निघून जात होत्या.

तो निम्मी फुलं परत घेऊन घरी आला. उज्वला ओसरीवर तोरणं ओवत होती. तो तिच्याजवळून आत गेला आणि गोजराबाईला म्हणाला, "तिला इचार, कोणाकोणाला नंबर दिलाय."

"कसला नंबर?"

"माझ्या फोनचा. तिला इचार."

त्यानं उज्वलाला स्वतः विचारलं नाही. मारलं नाही. शिवी दिली नाही. दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला ती वाकली, तेव्हा त्यानं पानं घेतली आणि दुसरीकडं बघितलं. दोन दिवसांनी डांबराचा डबा आणून त्यानं अंगणात सगळे क्रेट मांडले आणि एकेक नंबर काळा केला. उज्वला दारात उभी राहून बघत होती. "नाना," ती म्हणाली, "नाना, मी नाही केलं हो काही." त्यानं ब्रश डब्यात बुडवला आणि पुढचा क्रेट ओढला.

गावातल्या कॅफेवाल्याला विनवून उज्वलानं आपलं पान त्याच्या खात्यातून उघडून घेतलं. फोटो तिचाच, दहावीचा, दोन वेण्यांचा. नाव तिचं, वाढदिवस तिचा. खाली बापाचा नंबर, आणि तिच्या तोंडी अशी वाक्यं की दोन ओळी वाचून तिनं पडद्यावर हात ठेवला. त्याखाली अनोळखी लोकांची उत्तरं. अनोळखीच नव्हे, तिच्या वर्गातलीही दोन नावं होती.

सगळं ऐकल्यावर गोजराबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि लेकीला घेऊन नाशिक रोड गाठलं. रोहितच्या आईनं दार उघडलं. बाई सभ्य होती. सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं.

"ताई, तुमच्या पोरानं माझ्या पोरीच्या नावानं वंगाळ लिवलंय," गोजराबाई म्हणाली. "ते पुसाया सांगा. दुसरं काय नाय मागत."

"आमचा रोहित? अहो, कॉम्प्युटरवर कोणीही काहीही लिहितं." मग उज्वलाकडे वळून, "खातं तुझ्या नावाचं आहे ना? मग तूच बंद कर."

"पासवर्ड त्याच्याकडे आहे, काकू."

"तू दिलास कशाला?"

उज्वलानं मान खाली घातली. बाईंचा आवाज मऊच राहिला. "हे बघा, त्याचं बारावीचं वर्ष आहे. आता त्याच्या डोक्याला काही लावू नका. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण मुलीच्या आईनं जरा लक्ष ठेवायला हवं."

तेवढ्यात रोहित क्लासवरून आला. बूट काढले, दोघींना बघितलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुढं येऊन तो गोजराबाईच्या पाया पडला.

"काकू, ही आमच्या क्लासला होती. मी हिला फार ओळखतही नाही."

गोजराबाईचा हात सवयीनं आशीर्वादाला वर गेला होता. तो तिनं तसाच मागं घेतला. परतताना बसमध्ये ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "पाया पडला गं मेला. माझ्या पाया पडला."

पोलिसांत जायला बहिरू तयार नव्हता. "कागदावर आलं का चार गावं वाचतील," तो गोजराबाईला म्हणाला. फोन त्यानं बंद करून फडताळात टाकला होता. नवा नंबर घेतला नाही. लग्नसराईचे मांडववाले दुसऱ्या फुलवाल्यांकडे वळले. गोष्ट दिंडोरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीला मनीषाला माहेरी पाठवलं नाही. तिच्या सासूनं निरोप दिला, सध्या छाटणीची कामं आहेत, नंतर बघू. उज्वलाचं कॉलेज कोणी बंद केलं नाही, ती आपणच जायची थांबली. सकाळी तोडणी, दुपारी खुरपणी, संध्याकाळी माळा. बहिरूला काही हवं असलं की तो गोजराबाईला सांगायचा, गोजराबाई तिला सांगायची, तिघं एकाच ओसरीवर बसलेली असताना.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी दिशा बांधावर आली. उज्वला शेवंतीच्या वाफ्यात पाणी वळवत होती, पाय घोट्याच्या वर चिखलात.

"तू सकाळपासून इथंच आहेस?" दिशानं विचारलं.

"कुठं जाणार?"

"आत्ता मी कॅफेतून येतेय. मी तिथं बसले असतानाच तुझ्या नावानं नवीन काहीतरी आलं." दिशा चिखलातच खाली उतरली. "म्हणजे तेव्हाचंही तू लिहिलं नव्हतंस."

"हातगाडीचं मी त्याला सांगितलं होतं दिशा," उज्वला म्हणाली. "लिहिलं त्यानं. पण सांगितलं मी होतं."

"ते मला लागलंच," दिशा म्हणाली. "पण हे त्याहून फार वाईट आहे."

दिशानं मग वर्गातल्या ज्या ज्या मुली ऐकतील त्यांना गाठलं, सगळ्यांच्या खात्यांवरून त्या पानाविरुद्ध तक्रार करवली. अशी तक्रार करता येते हे उज्वलाला माहीतच नव्हतं. संक्रांतीच्या आत ते पान नाहीसं झालं. दिशा ते सांगायला धावत आली, तेव्हा उज्वला शेडमध्ये फुलं निवडत होती आणि बहिरू बाहेर एम-एटीचा प्लग साफ करत होता. दिशा आधी त्याच्यापाशीच थांबली.

"काका, ते सगळं काढलं. आणि काका, ते तिनं लिहिलंच नव्हतं. एका मुलानं तिच्या नावानं लिहिलं होतं. मी साक्ष देते."

"मला ठावं हाय," बहिरू म्हणाला.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्यापासून. माझी पोर मला ठावं नाय व्हय?"

"मग तुम्ही तिच्याशी बोलत का नाही?"

बहिरूनं प्लग फडक्यात गुंडाळला, पुन्हा उलगडला. शेडच्या पत्र्याआड उज्वलाचे हात थांबले होते.

"पोरी, त्या माणसांनी फोनमंदी जे सांगितलं ना, ते माझ्या कानातून जात नाय. तिच्याकडं बघितलं का तेच ऐकू येतं. तिचा दोष नाय. पण ऐकू येतं. मी काय करू?"

दिशा आत गेली तेव्हा उज्वला पुन्हा फुलं निवडत होती, देठ एका बाजूला, फूल एका बाजूला. ती म्हणाली, "ऐकलं मी."

पुढच्याच आठवड्यात उज्वलानं आत्याला निरोप पाठवला. बहिरूची बहीण कुसाबाई पिंपळगाव बसवंतला असायची, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये कामाला जायची. "मला तुझ्याकडं राहू दे," एवढंच उज्वला तिला म्हणाली. कुसाबाईनं फार चौकशी केली नाही. भावाचं घर तिनं बघितलं होतं.

निघताना गोजराबाई एसटीपर्यंत आली. बहिरू मळ्यात होता.

पॅकहाऊसमध्ये थंडगार हॉलमध्ये, डोक्याला टोपी आणि हातात मोजे घालून बायका ओळीनं बसायच्या. घडातला डागी मणी कात्रीनं उडवायचा, घड तोलायचा, खोक्यात भरायचा. उज्वलाचा हात लवकर बसला. द्राक्षाचा हंगाम संपला की कांद्याच्या चाळीवर काम. सुपरवायझरला कळलं की हिचा कॉम्प्युटरचा क्लास झालाय. त्यानं ऑफिसात बसायला बोलावलं, एंट्र्या करायला माणूस हवा होता. "नको," ती म्हणाली. त्यानं कारण विचारलं. "बसायचं नाही मला तिथं," एवढंच तिनं सांगितलं आणि कात्री घेऊन जागेवर गेली. बायकांनी तिला वेड्यात काढलं.

रोहित बारावी होऊन पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. त्याच्या आईनं कॉलनीत पेढे वाटले, असं दिशाच्या कानावर आलं. तिनं ते उज्वलाला सांगितलं नाही, बरीच वर्षं.

मनीषा दुसऱ्या वर्षी माहेरी येऊ लागली. उज्वलासाठी दोन स्थळं आली. पहिलं परत गेलं, का ते कोणी बोललं नाही. दुसऱ्याला उज्वलानंच नाही म्हटलं. मुलगा चांगला होता, पण बोलताबोलता त्यानं तिचा मोबाईल नंबर मागितला होता, आणि ती तिथूनच उठून आत गेली.

दोन हजार नऊच्या भाऊबीजेला बहिरू पिंपळगावला आला. दर वर्षी कुसाबाईच त्याच्याकडे जायची, त्या वर्षी तिच्या गुडघ्यानं घोटाळा केला. तो ओट्यावर बसला. केस खूप पांढरे झाले होते. उज्वला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, त्याच्यासमोर धरला. त्यानं घेतला, सगळं पाणी एका दमात प्यायला, रिकामा तांब्या हातातच धरून बसला.

"कुसे," तो आत ओरडला, "ही जेवती का नीट?"

कुसाबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली. "तुझ्या म्होरं उभी हाय. तिलाच इचार की."

बहिरूनं मान वर केली. उज्वलाकडं बघितलं. ओठ हलल्यासारखे झाले. मग त्याच्या कपाळावर आठी आली, कोणीतरी कानाशी बोलत असावं तशी, आणि त्यानं मान फिरवली.

"जेवते मी," उज्वला म्हणाली. "दोन्ही वेळा जेवते, नाना."

त्यानं मान डोलावली, रस्त्याकडं बघत. कुसाबाईनं त्याला ओवाळलं. उज्वलानं त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि ती आत भाकऱ्या थापायला गेली.